धातूच्या कणावर उगवणारे कार्बनचे रान

कार्बन हा शब्द कानावर पडला की आपल्यासमोर कोळसा येतो. जरा विचार केला की पेन्सिलीतले ग्रॅफाइट आठवते आणि त्याहून थोडा अधिक केला की हिरा. काळे, मऊ ग्रॅफाइट आणि लखलखणारा कठीण हिरा यांचे मूलद्रव्य एकच, फरक काय तो अणूंच्या मांडणीचा, हे आपण सर्वांनी शाळेत वाचलेले असते. परंतु या मांडणीचे आणखी एक रूप गेल्या तीन-साडेतीन दशकांत जगभरच्या प्रयोगशाळांत गाजते आहे. ते रूप म्हणजे कार्बनची अतिसूक्ष्म नळी. ही नळी कोणी कोरून किंवा वळून तयार करीत नाही. धातूचा कण एखाद्या तळावर ठेवावा, तो तापवावा, त्यावरून कार्बनयुक्त वायू सोडावा आणि त्या कणापासून नळी आपोआप वाढत जावी, असा हा प्रकार आहे. ही वाढ कशी होते, ती कोठे अडते आणि आपल्यासारख्यांनी तिची दखल का घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात लुडबूड का करावी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच. तूर्त एवढेच म्हणतो की या विषयाच्या इतिहासात जितके रसायनशास्त्र आहे तितकाच भाषेचा प्रश्नही आहे.

प्रथम या नळीचे स्वरूप पाहू. ग्रॅफाइट हे एकावर एक रचलेल्या थरांचे बनलेले असते. प्रत्येक थर एका अणूइतकाच जाड, आणि त्यात अणूंची मांडणी मधमाशीच्या पोळ्यासारखी षट्कोनी. असा एक थर गुंडाळून त्याच्या कडा जोडल्या अशी कल्पना केली की एकपदरी नळी डोळ्यांसमोर उभी राहते. तिची जाडी सुमारे एक नॅनोमीटर असते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून काय ते समजावे. एकात एक बसवलेल्या अनेक नळ्यांची बहुपदरी नळीही असते. जाडी इतकी नगण्य असली तरी लांबी मात्र वाढू शकते. चीनमधील छिंगह्वा विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली अर्ध्या मीटरहून लांब नळी वाढवून दाखवली. वजनाच्या मानाने ही नळी पोलादाहून कितीतरी बळकट असते आणि विजेची उत्तम वाहकही ठरू शकते.

या नळीचा शोध कोणी लावला? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते ते जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांचे. त्यांनी १९९१ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या बहुपदरी नळ्यांचे वर्णन 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष तिकडे वळले, हे खरेच आहे. एकपदरी नळीचा वृत्तांत १९९३ साली आला. इजिमा व त्यांचे सहकारी आणि अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीतील डोनाल्ड बेथ्यून व त्यांचे सहकारी, अशा दोन गटांचे लेख 'नेचर'च्या एकाच अंकात छापले गेले. एका गटाने लोह वापरले होते, दुसऱ्याने कोबाल्ट. परंतु त्याच्याही पुष्कळ आधी, १९५२ साली, राडुश्केविच आणि लुक्यानोविच या दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी लोहावर कार्बन मोनॉक्साइड वायूचे विघटन केले असता सुमारे ५० नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या तयार होतात, हे छायाचित्रांसह प्रसिद्ध केले होते. तो लेख रशियन भाषेत होता. शीतयुद्धाचे दिवस होते, आणि पश्चिमेकडील फारच थोड्यांच्या तो दृष्टीस पडला. पुढे १९७६ साली मोरिनोबू एन्डो यांनी फ्रान्समध्ये काम करताना बेन्झिनच्या वाफेपासून वाढवलेल्या अशाच नळ्या दाखवल्या. शोधाचे श्रेय नेमके कोणाला द्यावे, यावर २००६ साली 'कार्बन' या नियतकालिकात मुद्दाम चर्चा झाली. तिच्यानंतर १९५२ चा तो लेख अनेकांना ठाऊक झाला. चोपन्न वर्षे! छापलेले ज्ञानही वाचणाऱ्याच्या भाषेत नसेल तर कपाटात पडून राहते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. धातूच्या कणाचे काम काय? हा विषय मी घरी सांगू लागलो तेव्हा आईने पहिलाच प्रश्न विचारला, "उगवतंय म्हनतोस, मग बी कसलं रं त्याचं?" प्रश्न मोठा नेमका होता. 'उगवणे', 'वाढणे', 'रान' हे शब्द शास्त्रज्ञही वापरतात, पण धातूचा कण हे बी नव्हे. बी स्वतः फुटते, संपते आणि त्याचेच रोप होते. धातूचा कण मात्र नळीच्या भिंतीत जात नाही, तो जसाच्या तसा मागे उरतो. त्याला दुसरी उपमा शोधायला हवी, आणि ती स्वयंपाकघरातच सापडते. शेव पाडण्याचा सोऱ्या आठवावा. एका बाजूने भिजवलेले पीठ आत जाते, दुसऱ्या बाजूने शेव बाहेर येते, आणि सोऱ्या सोऱ्याच राहतो. चकतीची भोके जेवढी, तेवढी शेवेची जाडी. येथेही धातूचा कण जेवढा, साधारण त्या मानाने नळीची जाडी. फरक एवढाच की येथे वरून दाबणारा हात नाही. तो कोठून येतो, हे पुढे पाहू. रसायनशास्त्रात अशा मध्यस्थाला उत्प्रेरक म्हणतात.

हे सूक्ष्म सोऱ्ये तयार करण्याची रीत सांगतो. तळ म्हणून बहुधा सिलिकॉनची गुळगुळीत चकती घेतात. तिच्यावर अॅल्युमिनाचा, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, काही नॅनोमीटर जाडीचा थर देतात. हा थर नसेल तर तापल्यावर लोह सिलिकॉनमध्ये शिरून त्याच्याशी संयोग पावते आणि निकामी होते. पेरणीआधी जमिनीची मशागत करावी तसाच हा भाग आहे. त्या थरावर निर्वात पेटीत सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा लोहाचा पापुद्रा बसवतात. मग ती चकती क्वार्ट्झच्या नळीत ठेवून विजेच्या भट्टीत तापवतात. आत हवा नसते. आरगॉनसारखा निष्क्रिय वायू आणि हायड्रोजन वाहत असतो. हायड्रोजन लोहावरचा गंज काढून टाकतो. उष्णतेने त्या पापुद्र्याचे तुकडे होतात आणि ते आक्रसून गोळे बनतात. अळवाच्या पानावर पाणी पसरत नाही, त्याचे थेंब होतात, तसेच हे. फरक आकाराचा. हे थेंब काही नॅनोमीटरांचे असतात आणि नखाएवढ्या जागेवर ते अब्जावधी मावतात.

यानंतर भट्टीत कार्बनयुक्त वायू सोडतात. वेल्डिंगच्या दुकानात वापरतात तो अॅसिटिलीन, किंवा इथिलीन, किंवा गोबर गॅसचा मुख्य घटक असलेला मिथेन. तापमान सामान्यतः ७०० ते १००० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. मिथेनचे रेणू सहजासहजी फुटत नाहीत, म्हणून त्याला जास्त उष्णता लागते. वायूचा रेणू तापलेल्या धातूला टेकला की तेथे तो फुटतो. हायड्रोजन उडून जातो, कार्बन धातूपाशी राहतो. काही कार्बन धातूत विरघळतो, काही त्याच्या पृष्ठावरून सरकतो. साखरेचा पाक घट्ट होत गेला की एका क्षणी साखर त्यात मावेनाशी होते आणि कण बाहेर पडू लागतात. तसेच धातूत कार्बन मावेनासा झाला की तो बाहेर येऊ लागतो आणि बाहेर येताना षट्कोनी जाळी विणू लागतो. प्रथम कणाच्या माथ्यावर घुमटासारखी टोपी तयार होते. मग टोपीच्या कडेला नवनवे अणू जोडले जातात, टोपी वर उचलली जाते आणि तिच्याखाली नळी लांबत जाते. एकीकडे वायूतून कार्बनचा सतत पुरवठा आणि दुसरीकडे जाळीत बसलेल्या कार्बनची अधिक स्थिर अवस्था, हाच तो न दिसणारा दाबणारा हात होय.

लोह, कोबाल्ट आणि निकेल हे तीन धातू या कामी सर्वांत अधिक वापरले जातात. कार्बनला ते थोडे सामावून घेतात, पण कायमचे धरून ठेवीत नाहीत. धरणे आणि सोडणे या दोहोंचा मेळ त्यांच्यात आहे. पुढे २००६ साली जपानी संशोधकांनी सोने, चांदी आणि तांबे यांच्या अतिसूक्ष्म कणांवरही एकपदरी नळ्या वाढवून दाखवल्या. मोठ्या ढेकळात जो गुण दिसत नाही तो कण लहान होताच प्रकट होतो, ही या विषयातील एक नवलाची गोष्ट आहे.

कण तळाला घट्ट चिकटलेला असेल तर तो खालीच राहतो आणि नळी त्याच्यावर वाढते. पकड सैल असेल तर वाढती नळी कणालाच वर उचलते आणि तो शेंड्यावर बसून राहतो. आर. टी. के. बेकर यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी निकेलच्या कणांवर वाढणारे कार्बनचे तंतू चालू प्रयोगातच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून या वाढीची उपपत्ती मांडली होती. कण विरळ असतील तर नळ्या तळावर आडव्या पसरतात. दाट असतील तर दाट पेरलेल्या ज्वारीप्रमाणे एकमेकींच्या आधाराने सरळ वर जातात. यालाच नळ्यांचे 'रान' म्हणतात. आणि उत्प्रेरक जेथे ठेवावा तेथेच नळी उगवते. १९९८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात होंगजिए दाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या चकतीवर उत्प्रेरकाची छोटी बेटे आखून त्यांतूनच मिथेनच्या साहाय्याने एकपदरी नळ्या वाढवल्या. नळ्या वेगळ्या तयार करून मग उचलून जागी बसवण्यापेक्षा जागेवरच वाढवणे शक्य आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले.

मात्र हे रान उंच होत नव्हते. सोऱ्याच्या भोकांत पीठ सुकून बसले की शेव पडत नाही. तसेच धातूच्या कणावर ओबडधोबड कार्बनचे कवच चढते आणि तो काही मिनिटांतच निकामी होतो. कधी शेजारचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, कधी ते खालच्या थरात मुरतात. कवचाच्या अडचणीवर २००४ साली जपानमधील त्सुकुबा येथे केंजी हाता आणि सहकाऱ्यांनी जो उपाय काढला तो ऐकून हसू येईल. त्यांनी भट्टीत पाण्याची किंचित वाफ सोडली! वाफेमुळे कणावरचे कवच झडत राहिले, नळीला मात्र इजा झाली नाही. परिणामी दहा मिनिटांत अडीच मिलिमीटर उंचीचे रान उभे राहिले. एक नॅनोमीटरच्या मापाने मोजणाऱ्या जगात ही उंची अफाट म्हणावी लागेल. पाणी कमी पडले तर उपयोग नाही, जास्त झाले तर नळ्याच जळतात. शेतकरी पेरणीसाठी ज्याची वाट पाहतो तो वाफसा भट्टीतही साधावा लागतो, असे म्हणता येईल.

कार्बनचा पुरवठा वायूनेच करावा असे नाही. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये महेश्वर शेरॉन यांच्या गटाने कापरापासून कार्बनची सूक्ष्म रूपे तयार करण्याचे काम केले. तेथूनच जपानला गेलेले मुकुल कुमार यांनी योशिनोरी आंदो यांच्यासह नागोया येथील मेइजो विद्यापीठात ते पुढे नेले. २००३ साली त्यांनी कापूर आणि लोहयुक्त फेरोसीन यांची वाफ तापलेल्या तळावरून नेऊन सरळ उभ्या नळ्या मिळवल्याचे प्रसिद्ध केले. कापराच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. तो एकुलता एक ऑक्सिजन ओबडधोबड कार्बन हटवण्यास मदत करतो, असे या संशोधकांचे म्हणणे आहे. आरतीच्या तबकात धरणारी काजळी म्हणजे मात्र या नळ्या नव्हेत. त्यासाठी धातूचा कण आणि हवेविना तापवणारी भट्टी हवीच.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००६ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथील पीटर पॉफ्लर आणि सहकाऱ्यांनी सतराव्या शतकातील एका दमास्कस तलवारीच्या पोलादात कार्बनच्या नळ्या आढळल्याचे जाहीर केले. अशा तलवारींसाठी लागणारे वुट्झ पोलाद हिंदुस्थानातून जात असे. पोलादातील अन्य धातूंच्या अंशांनी उत्प्रेरकाचे काम केले असावे, असा त्यांचा कयास होता. यावरून आपल्या पूर्वजांना हे शास्त्र अवगत होते, अशी आरोळी ठोकण्याचा मोह होईल. तो टाळावा. त्या लोहारांना नळी ठाऊक नव्हती. त्यांना ठाऊक होती ती आच, घाव आणि पोलादाची पारख. तेवढाही त्यांचा गौरव पुरेसा आहे.

या विद्येपुढील सर्वांत अवघड कोडे निराळेच आहे. चौकड्यांच्या कापडाचा तुकडा सरळ गुंडाळला तर रेषा सरळ जुळतात, तिरका गुंडाळला तर त्या मळसूत्रासारख्या फिरतात. कार्बनच्या जाळीचेही तसेच. गुंडाळण्याच्या कोनावर आणि जाडीवर नळीचा गुण ठरतो. काही नळ्या धातूप्रमाणे वीज वाहतात, काही अर्धवाहक असतात. निवड न करता वाढवल्या तर साधारण एक तृतीयांश पहिल्या प्रकारच्या आणि दोन तृतीयांश दुसऱ्या प्रकारच्या निघतात. संगणकाच्या कामी दुसऱ्याच हव्यात. २०१४ साली बीजिंगमधील पेकिंग विद्यापीठाच्या यान ली यांच्या गटाने टंगस्टन आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचे घट्ट स्फटिक वापरून एकाच ठरावीक मांडणीच्या नळ्या ९२ टक्क्यांहून अधिक प्रमाणात मिळवल्या. कणाचा आकार उष्णतेतही बदलला नाही, म्हणून त्याने आपला साचा नळीला दिला. तिकडे स्टॅनफर्डमध्ये २०१३ साली १७८ ट्रान्झिस्टरांचा नळ्यांचा संगणक चालवून दाखवण्यात आला, आणि २०१९ साली एम.आय.टी. येथील प्रक्रियकात १४ हजारांहून अधिक ट्रान्झिस्टर होते. सिलिकॉनच्या चकतीवर आज अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, हे लक्षात घेता अजून बरीच मजल बाकी आहे.

उपयोग मात्र सुरू झाले आहेत. विद्युतघटातील विजेची वाट सुकर करण्यासाठी बहुपदरी नळ्यांची पूड मिसळतात. चीनमधील संशोधकांनी २००२ साली अशा रानातून, रेशमाच्या कोषातून धागा ओढावा तसा, नळ्यांचा सलग धागा ओढून काढला. २०१४ साली एका ब्रिटिश कंपनीने जाहीर केलेला 'व्हँटाब्लॅक' हा काळा लेप म्हणजे मुळात असेच उभे रान होते. त्यावर पडलेला प्रकाश खोडांच्या दाटीत शिरतो आणि परत येत नाही. ९९.९६५ टक्के प्रकाश तेथेच जिरतो. या काळ्याचा कलेतील वापर २०१६ साली मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांना एकट्यालाच देण्यात आला आणि चित्रकारांत मोठा वाद उसळला. एखादा रंग एकाच कलावंताचा असावा काय, हा प्रश्न तर कला शाखेचाच आहे.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाजू. २००८ साली एडिंबरा येथील केन डोनाल्डसन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या उदरपोकळीत बहुपदरी नळ्या सोडल्या. लांब आणि सरळ नळ्यांनी तेथे अॅस्बेस्टॉससारखी इजा केली, आखूड व गुंतलेल्या नळ्यांनी तशी केली नाही. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एका विशिष्ट बहुपदरी नळीची गणना 'माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेले' या गटात केली. इतर प्रकारांविषयी पुरावा अपुरा ठरला. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०१३ साली कामाच्या जागी एक घनमीटर हवेत एक मायक्रोग्रॅमहून अधिक नळ्या नसाव्यात, अशी शिफारस केली. तळावर घट्ट उभे असलेले रान सहसा हवेत उडत नाही. धोका आहे तो सुट्या पुडीचा. ती पोत्यांत भरणारा, भट्टी झाडणारा, फरशी पुसणारा माणूस कोण असेल? शोधनिबंध वाचणारा तो नसेल. तो आपल्यापैकीच कोणाचा तरी भाऊ किंवा चुलता असेल. अॅस्बेस्टॉसचे पत्रे अजून आपल्या गावोगावच्या छपरांवर आहेत, आणि त्या धुळीने होणारा रोग कित्येक दशकांनी डोके वर काढतो. पत्रे कापणाऱ्या किती हातांना ही गोष्ट त्यांच्या भाषेत कोणी सांगितली?

लेखाच्या आरंभी जो प्रश्न अर्धवट सोडला होता त्याचे हे उत्तर. रशियन भाषेतील एक लेख चोपन्न वर्षे बहुतेकांच्या नजरेआड राहिला, त्यात नुकसान झाले ते फार तर दोन शास्त्रज्ञांच्या कीर्तीचे. परंतु धोक्याची सूचना परक्या भाषेत राहिली तर नुकसान होते ते माणसाच्या छातीचे. नळ्या वाढवणे हे विज्ञान शाखेचे काम आहे. त्यांची हकीकत, गुणांसह आणि दोषांसह, मराठीत सोप्या शब्दांत मांडणे हे काम भाषा शिकणाऱ्यांनी अंगावर घ्यायला हवे. त्यासाठी शब्द नाहीत ही सबब मला पटत नाही. वाफसा, सोऱ्या, मशागत, पाक, कोष हे सारे शब्द आपल्या घरात आणि शिवारात आधीपासूनच आहेत.